बसा, पाद्रे

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. अंकासाठी थोडं आटोपशीर केलं आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत एकमेकांना 'सलाम' म्हणायची पद्धत आहे. पुढं वीस वर्षं अमेरिकन सैन्यात काढली, तिथंही सलामच. म्हणजे पाळण्यापासून पेन्शनीपर्यंत उजवा हात कपाळाशीच राहिला म्हणा ना!

गेल्या महिन्यात अध्यक्षाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही सैन्यात पाद्री होतात ना? मग युद्धात देव कुठं असतो, यावर आपल्याकडं बोला. अर्धा तास पुरे." मी म्हटलं, "बाई, या प्रश्नावर बायबलातलं ईयोबाचं अख्खं पुस्तक खर्ची पडलंय, आणि तुम्ही मला अर्धा तास देता?" त्या म्हणाल्या, "त्यानंतर जेवण आहे. लोक थांबणार नाहीत." तेव्हा जेवणाआधी जमेल तेवढं बोलतो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. अध्यक्षाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशात नाही. एके काळी होतं. ते कुठं हरवलं आणि त्याच्या जागी काय हाती आलं, एवढंच सांगणार आहे. कुणाची नावं घेणार नाही. चॅप्लिनच्या कानावर विश्वासानं घातलेली गोष्ट त्याच्यापाशीच राहते, वरिष्ठांनी विचारलं तरी सांगायची नसते, हा आमच्या नोकरीतला मोठा नियम. आज जे सांगतोय ते ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगतोय.

माझा जन्म अहमदनगरचा. २०२४ मध्ये त्याचं अहिल्यानगर झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडात नगरच. गावाच्या एका अंगाला लष्कराचं रणगाड्यांचं केंद्र, दुसऱ्या अंगाला अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा आणि चर्च. मिशन नगरला आलं १८३१ साली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघालं. तुमच्यापैकी अनेकांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली असतील. त्यातलं नगर ते हेच. लहानपणी आठवडाभर लांबून तोफांच्या सरावाचे आवाज यायचे आणि रविवारी चर्चची घंटा. हे दोन्ही आवाज एकाच नोकरीत भेटतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

माझे पणजोबा नेवाशाकडचे, गावकुसाबाहेरचे. दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडायला आले. तिथंच त्यांना अक्षरओळख झाली आणि पुढं बाप्तिस्मा. शाळेत पोरं आम्हाला 'भाकरीसाठी बाटलेले' म्हणून चिडवायची. मी रडत घरी आलो की आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "गेले असतील भाकरीसाठी. उपाशी माणसाला आधी भाकरी देणारा देव काय वाईट आहे का रे?" पुढं मी अमेरिकेत धर्मशास्त्राची पदवी घेतली, जाडजाड ग्रंथ वाचले. पण आजीच्या त्या एका वाक्याच्या पुढं मी फारसा गेलोय असं मला वाटत नाही.

आजीला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ब्राह्मण घरात जन्मलेला हा कवी सांगायचा की आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत पोचलो. त्यामुळं आमच्या चर्चमध्ये पेटी, तबला, झांजा, अभंग, अगदी ख्रिस्ती कीर्तनसुद्धा. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना वाटायचं मी थट्टा करतोय.

आमच्या भिंतीपलीकडं एक देशस्थ कुटुंब राहायचं. दिवाळीत त्यांच्या फराळाचं ताट आमच्याकडं यायचं. नाताळात आमच्या करंज्या-चकल्यांचं ताट त्यांच्याकडं जायचं. त्यांच्या घरातल्या सोवळ्यातल्या म्हाताऱ्या आजी आमच्या करंज्या खायच्या की नाही, देव जाणे. पण ताट कधी रिकामं परत आलं नाही, बरं का. रोज दिवेलागणीला त्या घरातली पोरं ओसरीवर बसून 'शुभं करोति' म्हणायची. मी आमच्या पायरीवर बसून ऐकायचो. ऐकून ऐकून माझंही पाठ झालं. एकदा आजीनं मला पुटपुटताना पकडलं. वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तर म्हणाली, "पाठ झालं ना? मग आता तेविसावं स्तोत्रही पाठ कर. उद्या म्हणून दाखवायचं." ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

१९८९ मध्ये शिकायला अमेरिकेत आलो. लग्न झालं, नागरिकत्व मिळालं, एका छोट्या गावातलं चर्च सांभाळलं. १९९९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सैन्यात चॅप्लिन झालो. बायको म्हणाली, "या वयात शहाणी माणसं सैन्यातून बाहेर पडतात."

चॅप्लिन म्हणजे सैन्यातला धर्मगुरू. अमेरिकेत हे पद स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापेक्षाही जुनं, म्हणजे जुलै १७७५ पासूनचं. त्याला धर्मशास्त्राची उच्च पदवी लागते आणि स्वतःच्या धर्मसंस्थेचं शिफारसपत्रही. अंगावर गणवेश असतो, खांद्यावर अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, पण हातात शस्त्र नसतं. लढाईच्या जागीही नसतं. त्याच्याबरोबर एक मदतनीस शिपाई असतो, बंदूक त्याच्याकडं. माझा पहिला मदतनीस एकवीस वर्षांचा पोरगा होता. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "सर, माझा देवावर विश्वास नाही, चालेल ना?" म्हटलं, चालेल. तोच पोरगा पुढं इराकमध्ये, माझ्या अंगावर गोळी येऊ नये म्हणून, रोज माझ्यापुढं चालायचा. श्रद्धा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो त्याच्या पाठीकडं बघून.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. चॅप्लिन हा धर्मांतर करायला नेमलेला नसतो. आमचा नियम असा, की आपल्या धर्माचं असेल ते स्वतः करा. दुसऱ्याच्या धर्माचं असेल त्याची सोय करून द्या. त्यामुळं मी ज्यू पोरांसाठी कोशर जेवणाच्या पाकिटांची खटपट केली आहे, मुसलमान शिपायांसाठी शुक्रवारच्या नमाजाला तंबू मोकळा करून दिला आहे. चॅप्लिननं स्वतःच्या धर्मात बसत नाही ते करू नये, पण सोय करायची टाळू नये. कागदावर हे फार स्वच्छ दिसतं.

मराठीत 'पाद्री' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू येतं. सैन्यातली पोरं मला 'पाद्रे' म्हणायची. पोर्तुगीजांचा एकच शब्द, दोन वाटांनी गेलेला. शाळेत ज्या शब्दानं मी चिडायचो, त्याच शब्दानं मध्यरात्री कुणीतरी तंबूच्या कनातीवर थाप मारायचं, "पाद्रे, जागे आहात का?" आणि तुम्हाला सांगतो, त्या हाकेइतका मान मला दुसऱ्या कशानंही मिळाला नाही.

साउथ कॅरोलायनात फोर्ट जॅक्सनला आमचं प्रशिक्षण झालं. तिथं ऐकलेल्या दोन गोष्टी माझ्या मनावर कोरल्या गेल्या.

एक 'डॉर्चेस्टर' जहाजाची. ३ फेब्रुवारी १९४३. ग्रीनलंडकडं निघालेलं, नऊशेच्या आसपास माणसं असलेलं हे जहाज मध्यरात्रीनंतर जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोनं फुटलं. पाणी बर्फासारखं. जहाजावर चार चॅप्लिन होते, मेथडिस्ट जॉर्ज फॉक्स, ज्यू रब्बी अलेक्झांडर गूड, रिफॉर्म्ड चर्चचे क्लार्क पोलिंग आणि कॅथलिक फादर जॉन वॉशिंग्टन. त्यांनी घाबरलेल्या पोरांना धीर दिला, जीवरक्षक जाकिटं वाटली, आणि जाकिटं संपली तेव्हा आपल्या अंगातली काढून दिली. समोरचा ज्यू आहे का कॅथलिक, हे कुणी विचारलं नाही. वाचलेल्यांनी पुढं सांगितलं, की चौघं एकमेकांचे हात धरून, प्रार्थना म्हणत जहाजाबरोबर बुडाले.

दुसरी फादर एमिल कपॉन यांची. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. कोरियाच्या युद्धात नोव्हेंबर १९५० मध्ये, निसटता येत असूनही, ते जखमींबरोबर मागं राहिले आणि कैद झाले. कैदेत पोरं भुकेनं आणि थंडीनं मरत होती. हा पाद्री रात्री कोठारातून धान्य चोरायचा. आणि चोरीला निघण्याआधी प्रार्थना कुणाची करायचा? येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या पश्चात्तापी चोराची! आजाऱ्यांचे कपडे धुवायचा, उवा काढायचा. २३ मे १९५१ रोजी कैदेतच वारला, वय पस्तीस. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. त्यांच्या अस्थींची ओळख पटायला २०२१ साल उजाडलं.

हे ऐकताना मला वाटलं होतं, आपणही असंच काहीतरी मोठं करू. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली ती एक चूक.

२००७ साल. बगदाद. आमच्या बटालियनमधला एकोणीस वर्षांचा एक पोरगा रस्त्यातल्या स्फोटात गेला. सैन्यात अशा वेळी स्मरणसभा होते. मधोमध त्याचे बूट ठेवतात, मागं बंदूक उलटी उभी करतात, तिच्यावर शिरस्त्राण, आणि गळ्यातला ओळखीचा बिल्ला लटकवतात. मग हजेरी होते. सार्जंट एकेकाचं नाव पुकारतो, पोरं 'हजर' म्हणतात. मग मेलेल्याचं नाव पुकारतात. उत्तर येत नाही. दुसऱ्यांदा पुकारतात. तिसऱ्यांदा पूर्ण नाव, हुद्द्यासकट. मला अनेकदा अशा सभांमध्ये उभं राहावं लागलं. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेमधली ती शांतता कधी अंगवळणी पडली नाही.

सभा संपल्यावर तो सार्जंट आपल्या तंबूत एकटाच बसला होता. त्या दिवशी गस्तीच्या गाडीत तो स्वतः जायचा होता. ऐन वेळी दुसरं काम निघालं म्हणून त्या पोराला पाठवलं. मी आत गेलो. खांद्यावर हात ठेवला. आणि खिशातलं उत्तर काढलं. म्हटलं, "देवाची काहीतरी योजना असते."

त्यानं मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "पाद्रे, एकोणीस वर्षांचं पोर मारायची योजना करणारा देव असेल, तर त्याला माझ्या तंबूत आणू नका." आणि उठून बाहेर निघून गेला.

मला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग जे झालं ते आजवर चारचौघांत सांगितलं नव्हतं. माझी प्रार्थना थांबली. रविवारची उपासना मी घेत होतो, पवित्र भोजन देत होतो, तोंडानं सगळं बरोबर म्हणत होतो. आत काही हलत नव्हतं. दिवसभर खानावळ चालवणाऱ्या आचाऱ्याची स्वतःची भूक मेली तर तो कुणाला सांगणार? तसं माझं झालं.

दोन-तीन आठवडे असे काढले. मग एका संध्याकाळी न राहवून त्या सार्जंटच्या तंबूत गेलो. म्हटलं, "मी त्या दिवशी बोललो ते मला परत घ्यायचंय. तो का गेला, मला माहीत नाही." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची पायानं माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "बसा, पाद्रे."

मी बसलो. तासभर आम्ही दोघं बसलो होतो. तो बंदूक साफ करत होता, मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. आठव्या की नवव्या दिवशी तो त्या पोराबद्दल बोलायला लागला. पोरगा फार वाईट गायचा म्हणे. सांगता सांगता तो हसला आणि मग रडला. मी तेव्हाही काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतंच.

त्याच सुमारास मी ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सज्जन माणूस, त्याची पोरंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं जातं. तीन मित्र भेटायला येतात. ते त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस आणि सात रात्री बसतात, एक शब्द न बोलता. सेमिनरीत हे वाक्य मी भरकन वाचून पुढं गेलो होतो, कारण खरी चर्चा पुढं आहे. आता कळलं की मित्रांनी बरोबर काय केलं असेल तर ते तेवढंच. तोंडं उघडली आणि चुकले. ईयोबानंच काहीतरी पाप केलं असणार, देव अन्याय करत नाही, वगैरे वगैरे. आणि शेवटी देव रागावतो तो कुणावर? भांडणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. मी बगदादमध्ये देवाची वकिली करायला गेलो होतो.

मग स्तोत्रं वाचली. आपल्याला वाटतं स्तोत्र म्हणजे स्तुती. दीडशे स्तोत्रांतली किती तरी निव्वळ तक्रार आहेत. अठ्ठ्याऐंशीव्याचा तर शेवटसुद्धा अंधारातच होतो. ज्यांनी बायबल जुळवलं त्यांनी ते गाळलं नाही. तुकोबा विठ्ठलाशी कसे भांडतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि वधस्तंभावर प्रत्यक्ष येशूनं विचारलं, की देवा, मला का सोडलंस? त्याला त्या वेळी उत्तर आलं नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी गाभ्यात एक उत्तर न मिळालेला प्रश्न आहे, हे मला चाळिशी ओलांडून, परक्या वाळवंटात, एका सार्जंटनं हाकलून दिल्यावर समजलं.

येशूचं एक नाव इम्मानुएल. अर्थ 'देव आमच्याबरोबर'. आमच्यासाठी सगळं सुरळीत करून देणारा असा त्याचा अर्थ नाही, आमच्याबरोबर असणारा. वरून योजना आखणारा देव त्या तंबूत आणायचा नव्हताच. आणायचाच असेल तर तो शेजारच्या खुर्चीत बसणारा आणायला हवा होता.

माझी प्रार्थना लगेच परत आली असं सांगितलं तर ते खोटं होईल. फार दिवस लागले. त्या दिवसांत मला शेजारच्या काकूंनी सांगितलेली पुंडलिकाची गोष्ट आठवायची. देव दारात आला तर हा आईबापांचे पाय चेपत होता. वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. आणि देव थांबला. मला वाटायचं, आपल्याला प्रार्थना जमत नाही, ठीक आहे; समोरचं काम तर जमतंय. जखमींजवळ बसणं जमतंय. तेवढं करू. देव थांबेल. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं तुकोबांच्या पुलाची आठवण करून दिली असती.

आता दुसऱ्या खुर्चीची गोष्ट, म्हणजे जेवणाची वेळ होईल.

२००९ मध्ये माझी बदली जर्मनीत लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात झाली. इराक आणि अफगाणिस्तानातले जखमी विमानानं रामश्टाइनच्या तळावर यायचे आणि तिथून बसनं आमच्या दारात. बस आली की आम्ही चॅप्लिन पायरीशी उभे असायचो, कितीही वाजलेले असोत. प्रत्येक स्ट्रेचरजवळ वाकून सांगायचो, की बाबा, तू जर्मनीत पोचलास, आता सुरक्षित आहेस, आम्ही तुझी काळजी घेऊ. बेशुद्ध असला तरी सांगायचो.

एका रात्री दोनच्या सुमाराला नर्सनं बोलावलं. म्हणाली, "एक मुलगा भ्रमात काहीतरी बडबडतोय. तुमच्या भाषेत आहे का बघता?" शस्त्रक्रिया होऊन आणलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, न्यू जर्सीत वाढलेला पोरगा. गुडघ्याखाली एक पाय गेलेला. कागदावर धर्म हिंदू. मी खुर्ची ओढून बसलो आणि ओठांजवळ कान नेला.

'शुभं करोति' म्हणत होता.

पहिली ओळ यायची, दुसरीत अडायचा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडायचा. इथं वाढलेल्या आपल्या पोरांचं जसं होतं ना, अगदी तसं. घामाघूम झाला होता. पुढचा शब्द काही केल्या सापडत नव्हता. आणि मला तो येत होता.

तुम्हाला हे सोपं वाटेल. मला ते सोपं नव्हतं. मी दीक्षा घेतलेला ख्रिस्ती पाद्री. माझ्या चर्चनं मला पाठवलंय ते ख्रिस्ताच्या नावानं. दहा वर्षांच्या नोकरीत मी इतरांच्या प्रार्थनेची सोय केली, पण ती आपल्या तोंडानं कधी म्हटली नव्हती. दुसऱ्या कुणाला बोलवावं म्हटलं, तर त्या वेळी अख्ख्या अमेरिकन सैन्यात एकही हिंदू चॅप्लिन नव्हता. रात्रीचे दोन वाजले होते. पोरगा पुन्हा पहिल्या ओळीवर आला होता.

मी शब्द सांगितला. त्यानं तो उचलला आणि पुढं गेला. पुन्हा अडला, पुन्हा सांगितला. असं तीन-चार वेळा पूर्ण झालं. मग त्याचा श्वास संथ झाला आणि तो झोपला. मी पहाटेपर्यंत तिथंच होतो. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या, दोन वर्षांनी, माझी स्वतःची प्रार्थना माझ्या नकळत सुरू झाली. मराठीत. आजीच्या आवाजात.

सकाळी त्यानं डोळे उघडले आणि इंग्रजीत विचारलं, "रात्री इथं मराठी कोण बोलत होतं? मला वाटलं माझी आजी आली." मी म्हटलं, "तुझ्या आजीचा आवाज इतका घोगरा आहे का?" तो हसला. मग पायाकडं बघितलं आणि रडला. मी खुर्चीतच होतो.

दुपारी त्याच्या आईशी फोन लावून दिला. मुलाशी बोलून झाल्यावर तिनं मला फोनवर मागून घेतलं. म्हणाली, "तुम्ही मराठी? कुठले?" म्हटलं, नगरचा. "पूर्ण नाव काय तुमचं?" आपल्या लोकांना हे विचारल्याशिवाय राहवत नाही, हो ना? मी नाव सांगितलं. बायबलमधलंच नाव ते. पलीकडं क्षणभर शांतता. मग म्हणाली, "भाऊ, त्यानं काही खाल्लं का हो?"

माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही दुसरी पदवी.

पुढं आमच्या चर्चमधल्या एका ज्येष्ठांनी मला विचारलं, "तू ख्रिस्ताचा सेवक. दुसऱ्या धर्माची प्रार्थना तुझ्या तोंडून निघाली, याचं काही वाटलं नाही?" प्रश्न रास्त आहे. सगळे धर्म एकच, असं म्हणून मी तो उडवून लावणार नाही. मी ख्रिस्ती आहे, येशू माझा प्रभू आहे, आणि हे मी भाकरीसाठी नाही, पूर्ण विचारानं म्हणतो. त्यांना मी एवढंच सांगितलं, की येशूनं शेजारी कोण हे समजावताना वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याला उचलणारा शोमरोनी होता, ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं चुकीच्या धर्माचा. त्यानं जखमीला धर्म विचारला नाही. मी त्या रात्री पूजा केली नाही. एका पोराची प्रार्थना तुटत होती, तिथं टाका घातला. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. आमची मैत्री मात्र आहे.

२०११ मध्ये भारतात जन्मलेल्या प्रतिमा धर्म या अमेरिकन सैन्यातल्या पहिल्या हिंदू चॅप्लिन झाल्या. बातमी वाचली तेव्हा मला लांडश्टूलची ती रात्र आठवली. आपल्याकडं भारतीय सेनेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे सगळे धर्मगुरू असतात आणि त्यांचं प्रशिक्षण होतं पुण्यात, एकाच संस्थेत. अनेक तळांवर एकाच छपराखाली सर्वधर्म स्थळ असतं. म्हणजे ही गोष्ट आपल्याला तशी नवी नाही.

२०१९ मध्ये मी निवृत्त झालो. आता लोक विचारतात, एवढं बघितल्यावर श्रद्धा टिकली कशी? खरं सांगू? जुनी टिकली नाही. ती सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारी होती. आता आहे ती कमी बोलते. रोज सकाळी मी आजीचं एक भजन म्हणतो, एक स्तोत्र वाचतो, आणि आठवड्यातून दोन दिवस जवळच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जाऊन कुणाच्या तरी शेजारी बसतो. माझी भक्ती एवढीच.

तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार नाही, पण पाद्री आहे, सवय जात नाही. मुलांना घरातली प्रार्थना शिकवा. त्यांना अर्थ कळत नाही, उच्चार चुकतात, ती डोळे फिरवतात, शिकवा तरी. कुठल्या परक्या देशात, कुठल्या रात्री दोन वाजता तिची गरज पडेल, सांगता येत नाही. आणि शेजारच्या घरातली प्रार्थनाही कानावर पडू द्या. पुढचा शब्द कुणाला सांगावा लागेल, तेही सांगता येत नाही.

आणि कुणाच्या घरी दुःखाला जाल तेव्हा उत्तर घेऊन जाऊ नका. दारात कुणी "बसा" म्हटलं, तर नुसतं बसा.

तो पोरगा आता दोन मुलींचा बाप आहे. दर दिवाळीला त्याच्या आईकडून फराळाचा डबा येतो. मी त्याच डब्यात नाताळच्या करंज्या भरून परत पाठवतो. नगरचा रिवाज आहे. ताट रिकामं परत करायचं नाही.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. चला, जेवायला चला. सलाम.